आकडे जुळले, पण कऱ्हा सापडेना

एका सरकारी कचेरीतल्या भूसंपादनाच्या फाइली जुन्या डॉक्युमेंट सिस्टीममधून नव्या सिस्टीममध्ये हलवायचं काम आमच्या टीमकडे होतं. ‘कॉपी-पेस्टच ना?’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. फाइल हलवणं सोपं आहे. तिला चिकटलेली माहिती शाबूत नेणं अवघड: शीर्षक, गाव, गट नंबर, मूळ तारीख, कुणी उघडायची याची परवानगी. तारखेचंच बघा. साधी कॉपी केली की सगळ्या फाइलींवर आजची तारीख बसते. सरकारी दप्तराच्या वर्गवारीतला ब वर्गाचा अभिलेख ३० वर्षं जपायचा असतो, तारीख हलली की ती ३० वर्षं भलत्याच दिवसापासून मोजली जाणार. फाइलींच्या नावांचाही असाच घोळ. नवा सर्व्हर लिनक्सवर, तिथं नावाला २५५ बाइटची मर्यादा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हांत नाव संपवायचं. सरकारी फाइलीचं नाव ‘बाबत’पर्यंत पोचेतो ८५ कधीच ओलांडलेले असतात. आम्ही डिस्कवर नुसते क्रमांक ठेवले आणि पूर्ण नावं डेटाबेसमध्ये.

शुक्रवारी संध्याकाळी जुनी सिस्टीम फक्त वाचण्यापुरती चालू ठेवली आणि रविवारी रात्रीपर्यंत सगळं हलवलं. प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलीच्या आतल्या डेटावरून निघणारा ठसा, आधी आणि नंतर काढून ताडून पाहिला. एक बिट जरी बदलला तरी तो वेगळा येतो. एकाही फाइलीत फरक नव्हता, आणि त्या कामाचा मला आजही अभिमान आहे. सोमवारी सकाळी आमचे मॅनेजर सहीचे कागद घेऊनच आले.

रेकॉर्ड रूमच्या मॅडमना त्या दिवशी नुसतं ट्रेनिंगला बोलावलं होतं. सह्या करणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी सर्चमध्ये ‘कऱ्हा’ टाइप केलं, म्हणजे नाझरे धरण ज्या नदीवर आहे तिचं नाव. थोड्याच फाइली आल्या.

“हे बरोबर नाही. नाझरे धरणाच्या वेळच्या कुठायत? ते फाइलींचे रुमाल मी स्वतः सोडून स्कॅनिंगला दिलेत.”

“मॅडम, स्पेलिंग बघा एकदा,” मॅनेजर म्हणाले. सगळे रुमाल हाताखालून गेलेल्या बाईंना असं सांगणं मला अजिबात आवडलं नाही. मी गट नंबर टाकून फाइल शोधली. ती मिळाली, आतली पानंही धडधाकट होती. शीर्षकात मात्र ‘कर्हा’ होतं, र ह-च्या डोक्यावर चढलेला.

‘कऱ्हा’तला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. इतक्या वर्षांत ऑपरेटर बदलले, कीबोर्ड बदलले, त्यामुळे डेटात दोन्ही प्रकार होते. जुनी सिस्टीम बांधणाऱ्या कुणीतरी शोधताना दोन्ही एकच धरायचा नियम घातला होता. कुठल्याही कागदावर त्याची नोंद नव्हती, पण त्या अनामिक प्रोग्रॅमरबद्दल मला फार आदर वाटला. नव्या सिस्टीमच्या इम्पोर्ट टूलनं ‘साफसफाई’ म्हणून शीर्षकांतली न दिसणारी चिन्हं परस्पर उडवली होती. जोडचिन्ह गेलं की ‘कऱ्हा’चं ‘कर्हा’ होतं. शीर्षकं अक्षरन्‌अक्षर ताडून बघायचा मुद्दा आमच्या पहिल्या आराखड्यात होता. वेळ वाचवायला सल्लागारांनी तो काढायला लावला. स्वीकृतीच्या अटींत उरली ती फक्त संख्या आणि चेकसम.

एकानं सुचवलं, स्क्रिप्ट चालवून सगळी शीर्षकं ‘शुद्ध’ करून टाकू. मी ठाम नकार दिला. नोंद जशी झाली तशीच राहिली पाहिजे. उद्या कोर्टात जुनी यादी मागितली तर ती नव्या यादीशी जुळायला हवी. साफसफाई बंद ठेवून शीर्षकं जुन्या डेटाबेसमधून जशीच्या तशी पुन्हा आणली, आणि दोन्ही र एकच धरायचा नियम सर्चमध्ये घातला. मग काढून टाकलेली ती तुलनाही केली. त्यात ‘ॲड.’चा घोटाळा निघाला. ॲ-ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली. त्याआधीच्या नोंदींत अ आणि वरची चंद्रकोर सुटी, दिसायला सारखं पण कॉम्प्युटरला वेगळं. भूसंपादनाच्या फाइलींत वकिलांची नावं किती असतात ते सांगायला नको.

संध्याकाळी मॅडमनी पुन्हा ‘कऱ्हा’ शोधलं. स्क्रीनवर बोट फिरवत त्यांनी यादी शेवटपर्यंत वाचली आणि “आता आल्या,” म्हणाल्या. मग एका कोऱ्या कागदावर आठवतील तशी गावं लिहून दिली: कऱ्हावागज, बऱ्हाणपूर, नऱ्हे. प्रत्येक नाव आम्ही तपासलं.

एक मुद्दा अजून मिटलेला नाही. काही शीर्षकं मुळातच ‘कर्हा’ अशी टाइप झालेली आहेत. मॅडम दोन्ही प्रकारे शोधतात, पण हे ठाऊक असलेल्या त्या एकट्याच. सर्चचा नियम आणखी सैल केला तर ‘दर्या’ शोधणाऱ्याला ‘दऱ्या’ही दिसतील, निकालात कचरा येईल, असं नव्या सिस्टीमवाल्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, चार फाइली जास्त दिसल्या तरी चालतील, पण ज्याची जमीन गेली त्याची फाइल दडून राहता कामा नये. त्यावरची पुढची बैठक व्हायची आहे, आणि तिच्या निमंत्रितांत मी मॅडमचं नाव घालून घेतलंय.