त्रेचाळिसावी रिक्षा

सेकंड इयरच्या जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रॅक्टिकलला बहुतेक मुलं बँक अकाउंटचा प्रोग्रॅम घेऊन येतात. बॅलन्स प्रायव्हेट, डिपॉझिट पब्लिक, झालं ऑब्जेक्ट ओरिएंटेड. व्हायवाला 'चार पिलर्स सांग' म्हटलं की एन्कॅप्सुलेशनपासून पॉलिमॉर्फिझमपर्यंत एका दमात म्हणून दाखवतात. 'मग ऑब्जेक्ट म्हणजे काय?' विचारलं की खिडकीबाहेर बघतात. म्हणून यंदा ऐरोलीच्या आमच्या लॅबमध्ये मी बँकेवर बंदीच घातली. येता-जाता जे दिसतं त्याचं सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवरची नक्कल, करून आणा, म्हटलं.

कळव्याहून येणारी एक मुलगी आणि तिचा दिव्याहून येणारा पार्टनर, दोघांनी ठाणे स्टेशनबाहेरची शेअर रिक्षाची रांग घेतली. मला विषय आवडला. ऑब्जेक्ट म्हणजे स्वतःची माहिती आणि स्वतःची कामं बाळगणारी प्रोग्रॅममधली वस्तू, आणि तिचा जन्मच सिम्युलेशनच्या घरातला. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा घडवली ती अशाच कामासाठी, आणि क्लास (ऑब्जेक्टचा साचा), ऑब्जेक्ट, सबक्लास (त्या साच्यावरून काढलेला पोटसाचा) हे सगळं सिम्युला ६७ मध्ये होतं. जावा आली त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, १९९५ मध्ये. पाठ्यपुस्तकातल्या बँकेपेक्षा रिक्षाची रांग मूळ कल्पनेच्या जास्त जवळची, असं माझं मत.

प्रोग्रॅम सुटसुटीत होता. 'प्रवासी' क्लास, 'रिक्षा' क्लास, 'स्टँड' क्लास. प्रवासी आला की त्याला टोकन, स्टँड एकेक टोकन पुकारणार, ज्याचं जुळेल तो बसणार, तीन भरले की रिक्षा सुटणार. (चौथी सीट धरली नव्हती. जर्नल बाहेरच्या एक्झामिनरकडे जातं.) पन्नास प्रवाशांवर झकास चालत होता.

"ऐन गर्दीची वेळ धरा, दोनशे माणसं टाका," मी म्हटलं.

बेचाळीस रिक्षा सुटल्या. त्रेचाळिसावी लागली, तिच्यात एक माणूस बसला आणि ती हलेचना. स्क्रीनवर एकाखाली एक ओळी: टोकन १२८, प्रवासी सापडला नाही. टोकन १२९, प्रवासी सापडला नाही. थेट २०० पर्यंत.

"मॅडम, लिस्ट भरली असेल," मुलगा म्हणाला. लिस्ट छापून बघितली; दोनशेच्या दोनशे माणसं रांगेत उभी. मागच्या बाकावरून एकानं ओरडून सांगितलं, "१२७ म्हणजे बाइटची लिमिट!" हुशार पोरगा, अंदाजही चांगला. जावातल्या बाइट या छोट्या टाइपमध्ये उणे १२८ ते १२७ एवढेच आकडे मावतात. पण ती मर्यादा ओलांडली असती तर आकडा गोल फिरून पुढे उणे १२८ दिसला असता. इथे स्वच्छ १२८ दिसत होता.

मुलीनं मग तुलना होते त्याच ओळीच्या वर दोन्ही टोकनं आणि तुलनेचं उत्तर प्रिंट करायला लावलं. आलं: १२८, १२८, फॉल्स. लॅबमधली निम्मी बॅच त्या मशीनभोवती जमली.

मी टोकनचा टाइप बघितला. साधा 'इंट', म्हणजे नुसता आकडा, नव्हता; दोन्हीकडे 'इंटिजर', म्हणजे आकडा आत ठेवलेला ऑब्जेक्ट, होता. का, तर कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं की ऑब्जेक्ट ओरिएंटेडमध्ये सगळं ऑब्जेक्टच पाहिजे. आणि तुलना 'डबल इक्वल टू'नं (==).

रफ पानाचे दोन तुकडे फाडले, दोन्हींवर १२८ लिहिलं, एक तिला दिला, एक त्याला. "आकडा तोच आहे?" "हो." "चिठ्ठी तीच आहे?" "नाही." ऑब्जेक्टच्या बाबतीत डबल इक्वल टू चिठ्ठी तीच आहे का एवढंच विचारतं. वर लिहिलेलं जुळतंय का हे विचारायचं तर 'इक्वल्स' मेथड.

"मग १२७ पर्यंत कसं चाललं?" तिनं लगेच विचारलं. हाच खरा प्रश्न. लहान आकडे प्रोग्रॅममध्ये सारखे लागतात, म्हणून उणे १२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर जावा तयार करून ठेवते आणि 'इंट'चा 'इंटिजर' होताना त्यातलाच काढून देते. त्यामुळे प्रवाशाकडे आणि स्टँडकडे खरोखर एकच चिठ्ठी असायची. १२८ पासून प्रत्येकाला नवी कोरी. हे रूपांतर २००४ च्या जावा ५ पासून आपोआप होतं, कोडमध्ये दिसतही नाही. तयार ठेवलेल्या या साठ्याची, म्हणजे कॅशची, वरची मर्यादा वाढवता येते म्हटल्यावर मुलाचे डोळे चमकले. त्याला तिथल्या तिथे थांबवलं. रोग तसाच ठेवून ताप उतरवायचा धंदा नको.

तिनं 'इक्वल्स' लावलं, त्यानं टोकनच 'इंट' केलं, आणि कोणाचं बरोबर यावर दोघांची जुंपली. दोन्ही चालतं, पण टोकन म्हणजे नुसता आकडा, त्याला ऑब्जेक्ट कशाला, म्हणून माझं मत त्याच्या बाजूनं पडलं. ती म्हणाली, "मग एकाच नावाचे दोन प्रवासी आले तर?" तिथून गाडी आपल्या क्लाससाठी 'इक्वल्स' स्वतः लिहिण्यावर आणि त्याच्या जोडीला 'हॅशकोड' (ऑब्जेक्ट पटकन शोधायला लागणारा आकडा) का लिहावा लागतो यावर गेली. लॅबची वेळ संपली तरी कोणी दप्तर उचललं नाही.

दुसऱ्या आठवड्यात दोघं इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासवरून दुसरा काढणं, घेऊन आली: 'रिक्षा'चे दोन सबक्लास, शेअर आणि मीटर. मीटरवाल्यानं जवळचं भाडं नाकारलंच पाहिजे, नाहीतर सिम्युलेशन खरं वाटत नाही, असा मुलाचा आग्रह. त्याला एक्सेप्शन, म्हणजे 'हे जमत नाही' असं कळवायची जावाची सोय, टाकावं लागेल, आणि ते पुढच्या युनिटमध्ये आहे.