किंग क्रिमसन ऐकायचंय? आधी कूलर बंद कर

किंग क्रिमसन हा इंग्लंडचा रॉक बँड कुठून ऐकायला सुरू करायचं याचं एक ठरलेलं उत्तर आहे, कोणालाही विचारा, पहिल्यापासून. १९६९ चा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' लाव, तो तोंड वासून ओरडणाऱ्या लाल चेहऱ्याचा, आणि मग ओळीने पुढे जात राहा. अल्बम भारी आहे यात वादच नाही. पण माझं म्हणणं असं की नागपुरात हे उत्तर होळीपासून पहिल्या पावसापर्यंत तरी चालत नाही, आणि उरलेल्या महिन्यांतही मला ते फारसं पटत नाही.

आधी होळी ते पाऊस, म्हणजे कूलर. ज्याने नागपूरचा मे महिना काढलाय त्याला सांगायला नको. खिडकीला लोखंडी स्टँडवर तो डबा लागलेला असतो, आत पंप पाणी वर चढवत असतो, पंखा पूर्ण जोरात, आणि घरातली माणसं तीन महिने एकमेकांशी ओरडूनच बोलत असतात, इतकं की पावसाळ्यात कूलर बंद झाला तरी आठवडाभर आवाज खाली येत नाही. या आवाजात सिनेमाची गाणी चालतात, क्रिकेटची कॉमेंट्री चालते, किंग क्रिमसन नाही चालत. कारण हा बँड हळू वाजवतो तेव्हा खरंच हळू वाजवतो. पहिल्या अल्बमवरचं 'मूनचाइल्ड' घ्या, बारा मिनिटांचं आहे, सुरुवातीची दोन-अडीच मिनिटं गाणं आणि मग पुढे नुसती कुजबुज, व्हायब्राफोनचा एखादा ठिपका, गिटारचा एखादा सूर, ड्रमवर बोटं फिरवल्यासारखं काहीतरी. कूलरखाली बसलेल्या माणसाला वाटतं गाणं संपलं, मोबाईल हँग झाला. तो पुढचं लावतो. झालं, अल्बम अर्धा गेला.

हेडफोन लावा म्हणणारे पुण्याचे असतात. पंचेचाळीस डिग्रीत कानावर ते रेक्झिनचे गोळे दाबून बघा एकदा.

हा विषय निघाला कारण माझा भाचा, धरमपेठेत राहतो, इंजिनियरिंगला आहे, स्वतः गिटार वाजवतो. तो मला म्हणाला, "मामा, किंग क्रिमसन कुठून सुरू करू सांग ना, तेरा अल्बम आहेत, लाइव्ह तर मोजूनच नाही राहिलो." मला आधी मजा वाटली ती प्रश्नाचीच. आमच्या वेळी हा प्रश्न नव्हता, ज्याच्याकडे जी कॅसेट सापडली ती आपली सुरुवात. मला मित्राच्या मोठ्या भावाकडून 'रेड' मिळाला होता, भरून आणलेली कॅसेट, दुसऱ्या बाजूला नाट्यगीतं. निवडायचा प्रश्नच नव्हता, होतं ते ऐकलं. नंतर इंटरनेट आलं तरी रॉबर्ट फ्रिपने, म्हणजे बँडचा गिटारवाला, पहिल्यापासून शेवटपर्यंत राहिलेला एकटाच माणूस, त्याने आपली गाणी वर्षानुवर्षं स्ट्रीमिंगला दिलीच नाहीत. २०१९ मध्ये, बँडला पन्नास वर्षं झाली तेव्हा कुठे ती सगळीकडे आली. म्हणजे आजच्या पोट्ट्यांसमोर एकदम सगळं ताट वाढून ठेवलंय आणि त्यांना कळून नाही राहिलं की हात कुठे घालायचा.

तर पहिल्यापासून काहून नको? कारण किंग क्रिमसन हा एक बँडच नाही. एका नावाखाली चार-पाच बँड होऊन गेले, आणि पहिल्या अल्बमवाला तर वर्षभरही टिकला नाही. १९६९ च्या जानेवारीत तालमी सुरू, जुलैत हाइड पार्कात रोलिंग स्टोन्सच्या आधी लाखोंच्या गर्दीसमोर वाजवलं, ऑक्टोबरमध्ये अल्बम, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर बँडमधलेच इयान मॅकडोनाल्ड आणि मायकेल जाइल्स म्हणाले आम्ही चाललो. गायक ग्रेग लेक दुसऱ्या अल्बममध्ये बराचसा गाऊन एमर्सन, लेक अँड पामर या नव्या बँडकडे गेला. त्या लाल चेहऱ्याचं चित्र काढणारा बॅरी गॉडबर तर कॉम्प्युटर प्रोग्रामर होता, वयाच्या चोविसाव्या वर्षी १९७० च्या फेब्रुवारीत वारला. म्हणजे ज्या मेलोट्रॉन नावाच्या कीबोर्डच्या, त्या भरून आलेल्या आभाळासारख्या आवाजाच्या प्रेमात तुम्ही पडता, तो बनवणारी मंडळी पुढच्या पानावर हजरच नाहीत. नवा माणूस मग दुसऱ्या अल्बममध्ये पहिला शोधतो, तिथे तो थोडासा सापडतो पण, कारण 'इन द वेक ऑफ पोसायडन' बराचसा पहिल्याच्याच साच्यातला आहे, मग 'लिझर्ड'वर येतो, तिथे एकदम जॅझ, शिंगं-तुताऱ्या, येस या बँडचा गायक जॉन अँडरसन पाहुणा म्हणून गातोय, आणि हा बिचारा तिथेच खाली उतरतो. मी असे तिघं-चौघं बघितलेत. 'लिझर्ड' वाईट नाही हो, मला तर आवडतो, पण तो तिसरा ऐकायचा अल्बम नाही, आठवा-नववा आहे.

म्हणून मी भाच्याला सांगितलं, एप्रिल चालू आहे ना, 'डिसिप्लिन' लाव. १९८१ चा. फ्रिपने १९७४ मध्ये बँड बंद केला होता, सात वर्षांनी परत उभा केला तो हा, आणि यात जुनं काहीच नाही, मेलोट्रॉन नाही, राजे-राण्या नाहीत. दोन गिटार, फ्रिप आणि एड्रियन बेल्यू, खाली टोनी लेविन ते चॅपमन स्टिक नावाचं वाद्य घेऊन जे दोन्ही हातांनी तारांवर टॅप करून वाजवतात, आणि मागे ड्रमवर बिल ब्रूफर्ड. आवाज एकसारखा, टणक, पहिल्या सेकंदापासून समोर. एखादं गाणं सोडलं तर कूलरच्या वर आरामात ऐकू येतो. 'एलिफंट टॉक'मध्ये बेल्यू गिटारमधून चक्क हत्ती ओरडवतो, माझ्या ताईने आतून विचारलं होतं हे काय लावलंय म्हणून.

आणि 'फ्रेम बाय फ्रेम'. इथे थोडं थांबतो कारण आपल्याकडे ज्याने घरात तबला ऐकलाय त्याला हे गाणं इतर कोणापेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं. दोन्ही गिटार एकच सात मात्रांची लगड घेऊन सुरू होतात, एकदम जुळून, दोन नाहीच वाटत. मग एक जण त्यातला एक सूर गाळतो. बस, एवढंच. दर फेरीला दोघांमध्ये एक-एक घर अंतर पडत जातं, एक पुढे सरकतोय, दुसरा जागेवर, ऐकणाऱ्याला वाटतं आता हे फिसकटणार, कोणीतरी चुकलंय, आणि मग फिरत फिरत दोघं बरोबर एका जागी येऊन भेटतात. मी भाच्याला म्हटलं, मांडीवर हाताने एकाचीच मोजत राहा, दुसऱ्याकडे लक्ष देऊ नको. त्याने केलं, चौथ्या फेरीला हात सुटला, परत लावलं, परत सुटला, तिसऱ्यांदा जुळलं तेव्हा पोट्टा अशा आवाजात "आला!" म्हणाला की जशी समच पकडली.

त्याच अल्बमवर 'थेला हुन गिंजीत' आहे. भाच्याला वाटलं पानठेल्याबद्दल काही असेल. ते 'हीट इन द जंगल' या शब्दांची अक्षरं उलटसुलट करून बनवलेलं नाव आहे, नागपूरच्या एप्रिलला तसंही चालून जाईल. त्यात मधे एक माणूस घाबऱ्या घाबऱ्या बोलत असतो ना, तो खरा किस्सा आहे. बेल्यू लंडनच्या रस्त्यावर टेपरेकॉर्डर घेऊन गाण्यासाठी काही बोलून भरत फिरत होता, तिथल्या टोळक्याला वाटलं हा पोलिसांचा माणूस, त्यांनी घेरलं, तिथून सुटला तर पुढे पोलिसांनी धरलं. स्टुडिओत परत येऊन तो धापा टाकत सगळं सांगत होता आणि फ्रिपने गुपचूप ते रेकॉर्ड करून घ्यायला लावलं. तेच गाण्यात आहे. मित्र असावा तर असा.

'डिसिप्लिन' रुचला तर मग पाऊस पडू द्या, कूलर उतरवा, आणि 'रेड' लावा. १९७४. याच्याबद्दल मी निःपक्षपाती नाही, आधीच सांगितलं कॅसेटचं. तिघंच उरले होते, फ्रिप, बास वाजवणारा आणि गाणारा जॉन वेटन, ब्रूफर्ड, बाकी पाहुणे, मागच्या कव्हरवर काटा लाल पट्ट्यात गेलेला, आवाज मोजायचा मीटर, आणि अल्बम दुकानात यायच्या आधीच फ्रिपने बँड मोडला. शेवटचं 'स्टारलेस' बारा मिनिटं आहे आणि ते ख्यालासारखं ऐकावं असं माझं प्रामाणिक मत आहे. पहिली चार-साडेचार मिनिटं वेटन गातो, संथ, मागे मेलोट्रॉन. मग सगळं थांबतं, बास तेरा मात्रांचं एक जड चक्र धरतो आणि फ्रिप गिटारवर एक सूर वाजवतो. तोच. तोच. तोच. मग जरा वर सरकतो आणि तिथे तोच. ब्रूफर्ड इकडे तिकडे काहीतरी ठोकत असतो, आवाज इंचाइंचाने वाढतो, कित्येक मिनिटं हेच, आणि मग द्रुत फुटते, सॅक्सोफोन सुटतो, आणि अगदी शेवटी सुरुवातीची ती संथ धून परत येते पण आता सगळ्या ताकदीने. हे गाणं वेटनने आदल्या अल्बमच्या वेळीच आणलं होतं, फ्रिप आणि ब्रूफर्डला तेव्हा ते आवडलं नव्हतं. घ्या.

१९७३ चा 'लार्क्स टंग्स इन अॅस्पिक' मात्र हिवाळ्यासाठी ठेवा, डिसेंबरची रात्र, पंखासुद्धा बंद. जेमी म्यूर नावाचा अवलिया यात पत्रे, साखळ्या, घंटा, मिळेल ते वाजवतो, हा एकच अल्बम केला आणि तो स्कॉटलंडच्या एका बौद्ध मठात निघून गेला. पहिली जवळजवळ तीन मिनिटं नुसती किणकिण आहे, इतकी बारीक की माणूस आवाज वाढवतो, मग अजून वाढवतो. आणि मग गिटार येते. मी हा एकदा मे महिन्यात लावला होता, कूलर चालू, काहीच ऐकू येईना म्हणून स्पीकर पूर्ण वर नेला आणि त्याच क्षणी लाईन गेली. कूलर बंद, ब्लूटूथ स्पीकर बॅटरीवर चालू. शेजारच्या काकू बाहेर आल्या, कोणाचं काय पडलं म्हणून.

बाकीचं भराभर सांगतो. 'बीट' आणि 'थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर' हे 'डिसिप्लिन'चे धाकटे भाऊ, त्याच्या मागोमाग ऐका. १९९५ चा 'थ्रॅक' दोन गिटार, दोन बास, दोन ड्रमर असा दुहेरी संसार, जरा गर्दी होते. २००३ चा 'द पॉवर टू बिलीव्ह' शेवटचा स्टुडिओ अल्बम, मेटल आवडणाऱ्या पोरांना मी सरळ तोच देतो. १९७२ चा 'अर्थबाउंड' कॅसेटवर रेकॉर्ड केलेला लाइव्ह आहे, आणि तसाच ऐकू येतो, पहिल्या वर्षी नका लावू. आणि पहिला, लाल चेहऱ्याचा, तो पाचव्या-सहाव्या नंबरला ऐका, तेव्हा 'मूनचाइल्ड'ची ती कुजबुज म्हणजे मोबाईल हँग झालेला नाही हे कळायला कान तयार झालेला असतो.

हे सगळं मी भाच्याला दीड तास समजावलं, पोह्यावरची तर्री गार झाली. तो शांतपणे ऐकून म्हणतो, "पण मामा, मी तर फ्रिपला आधीच ओळखतो, तोच ना तो बायकोसोबत किचनमध्ये व्हिडिओ टाकायचा लॉकडाऊनमध्ये? ती सायकल चालवत गाते आणि हा मागे तोंड न हलवता मेटालिका वाजवतो?" म्हटलं हो बाबा, तोच. "मग मी तिथूनच सुरू केलंय ना."

आता बोला.