करबुड्याचे १०४ धागे

टेक्स्टाईल डिझाईनच्या शेवटच्या वर्षाला कलेक्शनचा विषय विचारला की निम्मा वर्ग 'प्रवास' म्हणतो. मग बोर्डावर नारळ, शिडाची होडी आणि बुडता सूर्य येऊन बसतात. पडद्यांच्या दुकानात हे तिन्ही आधीपासून मीटरवर मिळतात. प्रवास भावंडाबरोबर झालेला असेल तर मात्र सुटका नसते, कारण त्या आठवणींना घरातच एक साक्षीदार असतो. नारळाचं डिझाईन बघून तो सरळ म्हणतो, "ताई, असं नव्हतंच ते." या वाक्यापासून काम सुरू करावं.

उदाहरणाला कोकण रेल्वे घेऊ. मे महिन्याची सुट्टी, दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस आणि खिडकीजवळच्या जागेवरून ठाण्यापर्यंत चाललेलं भांडण. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं, मोबाईलमधले फोटो बंद ठेवायचे आणि वीस मिनिटांत आठवेल ते लिहायला लावायचं. मोठीच्या कागदावर रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल असतो, जांभा कापून काढलेल्या लालभडक भिंती असतात, कौलारू घरं असतात. धाकट्याच्या कागदावर खिडकीचे आडवे गज, तळहाताला लागलेला त्यांचा लोखंडी वास, रातांब्यांनी, म्हणजे कोकमाच्या फळांनी, रंगलेली बोटं आणि बोगदे. बोगदे तर त्याने मोजलेलेही असतात, अर्थात चुकीचे. दोन्ही याद्यांत जे सारखं आहे ते बहुधा पोस्टकार्डावरचं असतं, म्हणून ते आधी खोडावं. जिथे वाद होतो तिथे खूण करावी.

बोगद्यांवर वाद हमखास होतो. एकाला सगळा प्रवास अंधारातच गेल्यासारखा वाटतो, दुसरीला दोनचार बोगदे आठवतात. हा वाद कापडावर पट्ट्यांनी मांडता येतो, बोगदा काळा आणि उजेड पांढरा. नातूवाडीचा बोगदा साधारण ४.४ किलोमीटर, सावर्ड्याचा ३.४, करबुड्याचा ६.५ आणि टिक्याचा ४.१. एक किलोमीटरला एक सेंटिमीटर असं प्रमाण धरलं आणि इंचाला ४० धागे लावले, तर सेंटिमीटरला सुमारे १६ धागे बसतात. म्हणजे नातूवाडीला ७० धागे, करबुड्याला १०४. उजेड मात्र प्रमाणात बसत नाही. नातूवाडी ते करबुडे हे अंतर शंभरेक किलोमीटर आहे, आणि विद्यार्थ्याच्या मागाची रुंदी ३६ इंच, म्हणजे ९१ सेंटिमीटर. तिथे प्रमाण सोडून द्यावं आणि धाकट्याला विचारावं, "बोगद्यातून बाहेर आलो की पुढचा बोगदा किती वेळाने यायचा?" त्याचं उत्तर वेळापत्रकाशी जुळणार नाही. पट्टीला तेच हवं असतं.

मागावर जाण्याआधी पुठ्ठ्याची दोन इंच रुंद पट्टी घेऊन तिच्यावर सूत गुंडाळून बघावं, धाग्याला धागा चिकटून. कॉम्प्युटरवर पट्टे भराभर होतात, पण तिथला काळा सपाट असतो. सुताच्या काळ्यात सावली असते. पुठ्ठा सहा फुटांवर भिंतीला टेकवून डोळे किलकिले करून पाहिला की कोणता पट्टा दादागिरी करतोय ते लगेच दिसतं.

आता बिघडतं कुठे ते पाहू. दोन पदरी वीस नंबरचं सुती सूत, साधी वीण, बोगद्यांना काळा ताणा (उभे धागे) आणि पांढरा बाणा (आडवे धागे) घेतला की बोगदा काळा राहतच नाही. प्रत्येक काळ्या धाग्यावरून पांढरा धागा जातो आणि करबुड्याची ढगाळ दुपार होते. बाणा गडद घ्यावा तर उजेडाचे पट्टे मळतात. त्यापेक्षा बोगद्यापुरते धागे दाट करावेत. फणीच्या, म्हणजे ताण्याचे धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या मागाच्या कंगव्याच्या, एका घरात दोनऐवजी तीन धागे भरले की रुंदी तेवढीच राहते, पण करबुड्याच्या १०४चे १५६ होतात आणि अंधार खरोखर जड लागतो. हात फिरवला तर डोळे मिटूनही बोगदा सापडतो.

दुसरा घोटाळा धुतल्यावर कळतो. काळं सूत घरी रंगवताना गरम पाण्यात एकदा आटून आलेलं असतं, पांढरं दुकानातून थेट मागावर चढतं. पहिल्या धुण्यात पांढरे पट्टे आटतात, काळे आटत नाहीत, आणि कापडाला चुण्या पडतात. पांढऱ्या लड्याही तेवढाच वेळ उकळून, वाळवून मगच ताण्याला घ्याव्यात. ही तासाभराची कटकट टाळणारा विद्यार्थी दरवर्षी असतो, आणि तो आपल्या चुण्यांना 'टेक्स्चर' म्हणतो.

गजांचं काम छपाईचं. आडव्या रेघा काढायला सोप्या, रिपीटला, म्हणजे तेच चित्र कापडभर पुन्हा पुन्हा जोडायला, मात्र फार अवघड. जोडात एक मिलिमीटरचा फरक पडला तरी दहा फुटांवरून दिसतो. साधा रिपीट टाकला की कापडावर तुरुंग दिसायला लागतो, म्हणून हाफ ड्रॉप घ्यावा, म्हणजे शेजारचा रकाना अर्ध्याने खाली सरकतो. भावंडंही एकच किस्सा असाच सांगतात. गोष्ट तीच, फक्त दुसऱ्याची अर्ध्यावरून सुरू होते. पण इथे गणित सांभाळावं लागतं. रिपीटची उंची ३२ सेंटिमीटर आणि गज दर चार सेंटिमीटरला असतील तर आठ गज येतात. अर्ध्यावर, म्हणजे १६ सेंटिमीटरवर, चार गज पुरे होतात आणि रकाने जुळतात. सात गज काढले की अर्धा गज लटकतो. गजांची संख्या सम ठेवावी, आणि स्क्रीन (छपाईची जाळीची चौकट) करायला देण्याआधी नऊ प्रती तीन बाय तीन चिकटवून जमिनीवर अंथराव्यात.

रंगांत मोह होतो तो रातांब्यांचा. खरा रस कापडावर छान गुलाबी चढतो आणि विद्यार्थी खूश होतात. साबणाचं पाणी लागताच तो निळसर-करडा पडतो, कारण तो रंग आंबटपणावर टिकलेला असतो आणि साबण अल्कली. रस सरबतासाठी ठेवावा आणि छपाईला रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे सुताशी रासायनिक बंध जोडणारा रंग, वापरावा. छपाईच्या एक किलो लगद्याला साधारण ३० ग्रॅम रंग, १०० ग्रॅम युरिया, २५ ग्रॅम खाण्याचा सोडा, १० ग्रॅम रेझिस्ट सॉल्ट (वाफेत रंग फिका पडू नये म्हणून), ५०० ते ६०० ग्रॅम अल्जिनेटची खळ आणि बाकी पाणी. स्टार्चची खळ चालत नाही. रंग कापडाऐवजी तिलाच धरून बसतो, मग ती सुटत नाही आणि कापड पापडासारखं कडक होतं. अल्जिनेट समुद्री शेवाळातून काढतात, त्यामुळे या कलेक्शनला तेवढाच समुद्र पुरे. छापून, पूर्ण वाळवून आठ-दहा मिनिटं वाफ द्यायची. वाफेच्या भांड्याच्या झाकणावरून थेंब पडला तर डाग कायमचा, म्हणून वर जाड फडकं बांधावं. आधी थंड पाण्याने, मग गरम साबणाने धुवावं.

जांभ्याची माती मात्र गुणाची. तिचा लाल रंग लोखंडाचा, उन्हाला किंवा साबणाला बधत नाही. खलबत्त्यात कुटून, मलमलीतून दोनदा चाळून बाइंडरमध्ये, म्हणजे रंग कापडाला चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्यात, कालवली की छापता येते. चाळायचा कंटाळा केला तर स्क्रीनची भोकं बुजतात आणि चौथ्या छाप्याला जांभ्याची भिंत अर्धी गायब होते. शेड ठरवताना नमुना ट्यूबलाईटखाली आणि उन्हात, दोन्हीकडे धरावा. ओल्या लगद्यावर विश्वास ठेवू नये, तो नेहमी गडद दिसतो.

एवढं झालं की कलेक्शन जवळजवळ उभं राहतं. पट्ट्यांचं एक, गजांचं एक, जांभ्याच्या खरबरीत पोताचं एक, बोटांच्या ठशांचं बारीक एक. पाचवं-सहावं हवंच असेल तर याच रंगांत साधं सूत विणावं. नवीन मोटिफ घुसवू नये. पुलाचा हट्ट मोठी धरेल, पण पूल खिडकीतून दिसत नाही. आपण त्याच्यावर असतो.

पट्ट्यांच्या कापडाची चादर करायची तर ३६ इंची दोन पाट जोडावे लागतात आणि जोड नेमका मधोमध येतो. तिथे उजेडाला उजेड लागेल असं बघावं. दुसरा पाट उलटा फिरवला तर एक जण सावंतवाडीला निघालेला आणि दुसरा परत येणारा, असंही दिसतं. शिवण साधी नको. कडा एकात एक दुमडून दोनदा टाका घालावा, कारण थंडीत ही चादर दोन बाजूंनी दोघंजण ओढणार आहेत.