भादलच्या पुढे काठ उरलेला नाही

नर्मदा परिक्रमेतल्या शूलपाणीच्या झाडीबद्दल, म्हणजे तिथल्या डोंगराळ जंगलाच्या टप्प्याबद्दल, मला एकानेही खरं सांगितलं नाही. "मैया उजव्या हाताला ठेवा, काठाकाठानं जा, चार तासांत पुढच्या मुक्कामाला पोचाल." भादल गाव सोडल्यावर मला साडेनऊ तास लागले. सरदार सरोवर धरण सप्टेंबर 2019 मध्ये पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत पूर्ण भरलं आणि खालची पायवाट पाण्यात गेली. त्याआधीची वर्णनं या टप्प्यापुरती विसरा.

त्याआधीचं ओंकारेश्वर ते बडवानीजवळचा राजघाट सोपं आहे, कपाशी-केळीची शेतं, चालत राहायचं.

इथे मात्र सातपुड्याच्या सोंडा थेट नदीत उतरतात आणि दोन सोंडांमध्ये एकेक नाला असतो. धरणाचा फुगवटा या नाल्यांमध्ये आतपर्यंत शिरलाय. समोरची सोंड हाकेच्या अंतरावर, पण मध्ये पाणी. एका नाववाल्यानं पलीकडे सोडायचे पाचशे मागितले. पाच मिनिटांचे पाचशे! मी नाही म्हटलं, पैशांपेक्षा यासाठी की फुगवट्याचं पाणी मैयाचंच, ते ओलांडलं तर परिक्रमा खंडित होते असं मी मानतो. मग पाणी संपेल तिथवर नाल्यात आत जायचं, पलीकडे व्हायचं आणि पुन्हा सोंड चढायची. दिवसात पाच वेळा.

चौथा उतार सगळ्यात वाईट. सुटा मुरूम, त्यावर सागाची वाळकी पानं, खालचा दगड दिसतच नाही. पाय टाकला की पानांसकट मुरूम सरकतो. मी पाठीवरची सॅक पोटाशी घेऊन, बसून उतरलो. दोन्ही तळहात सोलवटले. एक काठी इथे पुरत नाही, दोन घ्या. झिजल्या तळाचे बूट घालून तर येऊच नका.

कार्तिकी एकादशीनंतर लगेच निघालात तर तलाव भरलेलाच भेटेल, म्हणजे वळसे आणखी लांब. सोबत तीन लिटर पाणी हवंच. खाली एवढं पाणी दिसतं, पण सोंडेवरून तिथे उतरणं म्हणजे तासभराची चढण परत ओढवून घेणं.

आणि "गाव आलं" असं कुणी म्हणालं तर ते पहिलं घर समजा. पावरा-भिलांची घरं टेकड्या-टेकड्यांवर विखुरलेली असतात, आश्रम तासभर पुढे असू शकतो. मला पहिल्याच घरातल्या आजींनी न विचारता ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. अंधारात पुढे जाऊ नका, त्याच अंगणात आसन लावा.