पत्र आलं नाही, मग?

खानापूर तालुक्यात ३० वर्षं टपाल वाटलं. कणकुंबीकडच्या पावसात पिशवी प्लास्टिकात गुंडाळून ओढा उतरायची वाट बघायची, हीच नोकरी.

नातीनं परवा ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ वाचून दाखवलं. “आज्जा, नशीबच फुटकं त्यांचं!”

मला काय पटंना. साधूनं ज्युलिएटला मेल्यासारखं झोपवणारं औषध दिलं आणि ती खरी मेली नाही हे कळवायला परगावच्या रोमिओला पत्र धाडलं. ते पत्र नेणारा माणूस ज्युलिएटच्या गावात, वेरोनातच अडकला. प्लेगच्या संशयावरून तो होता त्या घराची दारं बंद केली. हे नशीब, मान्य. (तरी एवढं महत्त्वाचं पत्र एकाच्याच हाती देतात होय?) पण रोमिओ? ज्युलिएट गेल्याची बातमी नोकर आणतो, तेव्हा हा दोनदा विचारतो, साधूचं पत्र नाही का? नाही म्हटल्यावर “असू दे” म्हणतो आणि ४० डुकाट, म्हणजे तिकडची सोन्याची नाणी, मोजून विष घेतो. तिचं औषध ४२ तासांचं. तो मेला आणि ती उठलीच.

जांबोटीच्या वाटेवर एक म्हातारी होती, मुलगा गोव्याला. सारवणाचे हात तसेच घेऊन दारात यायची. “काय आलंय काय रं?” नाही म्हटलं की, “बरं, उद्या नीट बघ,” म्हणून परत सारवायला बसायची.