लोणंदच्या पुढची गावं

आळंदी, सासवड, जेजुरी, फलटण ही नावं वारी नसती तरी लोकांना ठाऊक असती. चांदोबाचा लिंब, खुडूस, ठाकूरबुवाची समाधी, टप्पा, वाखरी यांचं तसं नाही. एरवी एसटीत डुलकी लागली तर ही ठिकाणं कधी मागे पडली ते कळायचं नाही. पण वारकऱ्याच्या घरात ही नावं शेजारच्या आळीसारखी तोंडात असतात. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याबरोबर चालताना मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो लोणंद ते वाखरी हाच पट्टा. जे पहिल्यांदा येणार आहेत त्यांनी ही गावं आधी नीट समजून घ्यावीत.

लोणंदहून सोहळा दुपारनंतर निघतो. तरडगाव तिथून जेमतेम आठ किलोमीटर, आणि वाटेतच चांदोबाचा लिंब. गाव म्हणावं असं तिथे फारसं काही नाही. तरी वारीतलं पहिलं उभं रिंगण इथेच होतं. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना समोरासमोर उभ्या राहतात आणि मधे घोडं जाईल एवढीच वाट मोकळी ठेवतात. पुढे पताका धरलेला स्वाराचा अश्व, मागे माउलींचा अश्व, आणि माउलींच्या अश्वाच्या पाठीवर कुणी बसलेलं नसतं. रथापर्यंत दौड, दर्शन, आणि तसंच माघारी. हे अश्व येतात बेळगाव जिल्ह्यातल्या अंकली गावाहून, शितोळे सरकारांकडून, आणि आळंदीपर्यंत पायी येतात. अंकली हे नाव आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत पोचलं ते यामुळेच.

उभ्या रिंगणात चूक होते ती हाताची. घोडे दिसले की लोक मोबाइल धरलेला हात वाटेत पुढे करतात. दौडणारा घोडा त्या हाताला बुजतो आणि ओळीत शिरू शकतो. म्हणून कोपर अंगाशी ठेवा आणि पाठीवरची पिशवी पुढे छातीशी घ्या. रस्त्याच्या कडेला चर असेल तर त्याच्या काठावर उभे राहू नका, रेट्यानं तोल जातो.

अंतर कमी म्हणून त्या दिवशी सगळेच रमतगमत चालतात आणि तरडगावात अंधार पडता पडता एकदमच पोचतात. टँकरपाशी रांग लागते ती तेव्हा. आपला कॅन लोणंदलाच भरून घ्यावा.

छोट्या गावात मुक्काम म्हणजे रानात मुक्काम. दिंडीचा ट्रक पुढे जाऊन जागा धरतो, राहुट्या लागतात, आणि सगळ्या राहुट्या एकसारख्या दिसतात. नवा माणूस चुकतो तो इथेच. दिंडीचा नुसता क्रमांक पाठ असून भागत नाही, कारण रथापुढे सत्तावीस दिंड्या आहेत आणि रथामागचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. ‘बारा नंबरची दिंडी कुठं उतरली, माउली?’ असं विचारलंत तर पहिला प्रश्न येतो, ‘पुढची का मागची?’ तेव्हा ‘रथामागे बारा’ असंच पाठ करा. दिंडीचं नाव आणि चालकांचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. एवढ्या गर्दीत गावातल्या टॉवरवर ताण येऊन फोन लागत नाही, आणि बॅटरी तर संध्याकाळपर्यंत गेलेलीच असते.

राहुटी उताराच्या तोंडाशी लावू नका. नाइलाज असेल तर वरच्या अंगाला वीतभर खोल चर काढून पाणी दोन्ही बाजूंना वळवा. खुंट्या राहुटीपासून बाहेर झुकवून ठोका, सरळ ठोकल्या तर पावसानं भिजलेल्या काळ्या रानात ताण पडताच उपटून येतात. नातेपुत्याच्या पुढे तर याची फार काळजी घ्यावी लागते.

नातेपुते सोडल्यावर पुरंदावडे-सदाशिवनगरला पहिलं गोल रिंगण. दुसऱ्या दिवशी माळशिरसहून वेळापूरला जाताना खुडूस फाट्याला दुसरं, त्याच्या पुढच्या दिवशी ठाकूरबुवाच्या समाधीपाशी तिसरं. मैदान आधीच तयार ठेवलेलं असतं. मधोमध पालखी, तिच्याभोवती दिंड्या, मग धावेची गोल वाट, आणि वाटेच्या बाहेर बघणारे. आधी पताकावाले धावतात. मग डोईवर तुळस आणि हंडे घेतलेल्या बायका, विणेकरी, पखवाजवाले. हंडा हलू न देता धावणाऱ्या पन्नाशीच्या बाईची मान बघावी, खांद्याखाली सगळं अंग धावत असतं आणि मान जागच्या जागी. शेवटी अश्व. ते गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे एकदम वाकतात, आणि चपला हरवतात, बोटं चेंगरतात ती याच क्षणी. चपला आधीच पिशवीत घालून कमरेला बांधा, आणि दहा श्वास थांबून मग वाका. माती तिथेच असते. जागा धरायची तर दोन तास आधी पोचा. घोडे ज्या तोंडातून आत येतात तिथे मात्र उभे राहू नका.

यानंतर लगेच निघून जाणाऱ्यांचा उडीचा खेळ चुकतो. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर शेकडो जण एका लयीत उड्या घेतात. माझ्या मते रिंगणाइतकाच तोही बघण्यासारखा.

वेळापूरच्या अलीकडे ‘धावा’ होतो. इथल्या उंचवट्यावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. म्हणून सगळी वारी इथे उतारावरून पळते. गुडघा दुखत असेल तर कडेनं चाला, मधे थांबू नका. पळणाऱ्यांनी पावलं छोटी टाकावीत, लांब ढांगेनं उतारावर टाच आपटते आणि दुसऱ्या दिवशी पोटरी धरते. वेळापुरात अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ आहे. मुक्कामी लवकर पोचलात तर जरूर बघा.

पायांचं एक सांगतो. फोड येतात ते ओल्या मोज्यानं, अंतरानं कमी. मोज्यांचे तीन जोड घ्या आणि दुपारच्या विसाव्याला बदला. फोडावरची कातडी सोलू नका, आत माती जाऊन पिकतं. मांड्या घासत असतील तर पहाटे निघतानाच खोबरेल तेल चोळा. उन्हानं गळून गेल्यासारखं वाटलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट.

संध्याकाळी तळावर समाज आरती असते आणि ती चुकवू नये. हजारो टाळ वाजत असतात, चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात शांतता होते. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग तिचं गाऱ्हाणं सर्वांसमोर ऐकलं जातं. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही इथेच पुकारतात, म्हणून चष्मा, पिशवी, पाकीट गेलं तर आधी इथे या.

टप्प्याला माउली आणि त्यांचे धाकटे भाऊ सोपानकाका यांच्या पालख्यांची भेट होते. दोन रथ शेजारी येतात, मानकरी नारळ देतात-घेतात. काही मिनिटांचंच काम, पण डोळ्यांत पाणी आलेलं नाही असा माणूस शोधावा लागतो. भंडीशेगावचा मुक्काम उरकून निघालं की बाजीरावाची विहीर. इथे उभं आणि गोल अशी दोन्ही रिंगणं एकाच दिवशी होतात.

मग वाखरी. ठिकठिकाणच्या संतांच्या पालख्या या एका गावात एकत्र येतात. दशमीला नामदेवरायांची पालखी पंढरपुराहून सामोरी येते, आणि सगळ्यांच्या शेवटी निघतात माउली. त्यामुळे माउलींबरोबर पंढरपुरात शिरायचं तर रात्र होणार हे धरूनच चाला. सकाळी पोटभर खा, टॉर्च जवळ ठेवा, आणि ज्या घरी किंवा मठात उतरायचं तिथे आधीच कळवून ठेवा.