व्यायलेली मांजर, पिल्लं आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा

घरात मांजर व्यायली की सगळे पिल्लांभोवती गोळा होतात. खरं तर पहिले तीन आठवडे पिल्लांचं जवळजवळ सगळं काम ती एकटी करते. दूध पाजते, ऊब देते, चाटून शी-शू करवते. आपण तिला शांतता, भरपूर खाणं आणि कोरडी जागा द्यायची, आणि रोज एक गोष्ट न चुकता करायची: पिल्लांचं वजन. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा, त्यावर एक वाडगा आणि शेजारी वही. पिल्लू आजारी दिसायच्या आधी त्याचं वजन थांबतं. डोळ्यांना कळेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, म्हणून हा काटा.

जन्मतः पिल्लू साधारण ८५ ते ११५ ग्रॅमचं असतं. पहिल्या दिवशी वजन किंचित उतरलं तरी चालतं. त्यानंतर रोज १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं, आणि दोन आठवड्यांच्या आत वजन दुप्पट व्हायला हवं. रोज एकाच वेळी मोजा. सगळी एकसारखी दिसत असतील तर नेलपॉलिशचा छोटा ठिपका नखावर लावा, नाहीतर कोणाचं वजन कोणाच्या नावावर लिहिलं ते दोन दिवसांत कळेनासं होतं. एखाद्याचं वजन २४ तासांत वाढलंच नाही, तर त्या दिवशी त्याच्यावर नजर ठेवा आणि दूध पिताना त्याला जागा करून द्या. वजन घटलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

हात लागला की मांजर पिल्लं टाकते, ही समजूत खरी नाही. ओळखीच्या माणसाने स्वच्छ हातांनी दोन मिनिटं वजन केलं तर तिला चालतं. तिला सहन होत नाही ती वर्दळ. पाहुणे, मुलांचा गोंधळ, कुत्रा, दुसरा बोका. मग ती पिल्लांना मानेला धरून जागा बदलते, आणि नवी जागा कपाटामागची थंड फरशीही असू शकते. सात घरं फिरवायची सवय मुळात सुरक्षित जागा शोधण्याची आहे. जागा चांगली असेल तर ती फिरवत नाही. बोक्याला, तो बाप असला तरी, खोलीत येऊ देऊ नका. काही बोके पिल्लं मारतात.

जागा म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं पुरेसं आहे. मांजर पाय ताणून आडवी होईल एवढं मोठं, आणि एका बाजूची कड १० ते १५ सेंटिमीटर ठेवून कापलेलं, म्हणजे ती ये-जा करेल पण पिल्लं बाहेर घरंगळणार नाहीत. तळाला वर्तमानपत्र, वर मऊ सुती कापड ताणून बसवा. दोऱ्यांच्या फासांचा टॉवेल नको, नखं त्यात अडकतात. सैल घड्याही नकोत, पिल्लू त्यात हरवतं आणि आई त्यावर बसू शकते. कापड ओलं झालं की लगेच बदला.

आता ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लाला थरथरून स्वतःला गरम करता येत नाही, त्यामुळे आजूबाजूची हवा २९ ते ३२ अंश सेल्सिअस हवी. आई जवळ असेल तर तिचं अंग पुरतं. ती वारंवार उठून जात असेल किंवा खोली थंड असेल, तर गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये नीट गुंडाळून खोक्याच्या फक्त अर्ध्या भागात ठेवा. दुसरा अर्धा मोकळा राहिला पाहिजे, म्हणजे उकडलं तर पिल्लू सरकू शकतं. बाटली निवली की काढा, कारण थंड बाटली उलट पिल्लाचीच ऊब ओढून घेते. ढीग करून रडत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. एकमेकांपासून लांब, पसरून पडली असतील तर उकडतं आहे. पोट भरलेली उबदार पिल्लं रडत नाहीत, झोपतात.

एखादं पिल्लू बाजूला पडलेलं, गार आणि ढिलं सापडलं तर पहिला विचार दूध पाजण्याचा येतो. तीच सर्वांत मोठी चूक. गार पिल्लाचं आतडं चालत नाही. पाजलेलं दूध पोटात तसंच राहतं, किंवा गिळण्याची ताकद नसल्याने श्वासनलिकेत जातं. आधी ऊब, मग दूध. पिल्लू आपल्या अंगाशी, कपड्याच्या आत धरा आणि एक ते तीन तासांत हळूहळू गरम होऊ द्या. गरम पाण्यात बुडवू नका. तोंडात करंगळीचं टोक घालून पाहा: आतून उबदार लागलं आणि ते चोखू लागलं तरच दूध. आई गार पिल्लाला बरेचदा दूर सारते. ते निर्दयपणाने नव्हे, तिला ते जिवंत वाटत नाही. गरम करून परत ठेवलं की अनेकदा ती ते घेते.

पहिल्या २४ तासांत प्रत्येक पिल्लाने आईचा चीक प्यायलाच हवा. त्यातली प्रतिकारशक्ती आतड्यातून रक्तात जायची दारं त्यानंतर बंद होतात. पिल्लं दोन-तीन दिवसांत आपापलं सड ठरवून घेतात आणि दांडगी पिल्लं अशक्ताला ढकलतात. अशक्ताला दिवसातून तीन-चार वेळा एकट्याला सडाशी लावा, बाकीची वीस मिनिटं बाजूला ठेवा. अनेकदा एवढ्यावरच वजन सावरतं.

वरचं दूध द्यायची वेळ आलीच, तर मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडरच वापरा. गाईच्या दुधात प्रथिनं आणि चरबी कमी, लॅक्टोज जास्त, त्यामुळे जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब झेपत नाहीत. १०० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसभरात साधारण २० ते २५ मिली दूध लागतं. एका वेळी ४ मिलीच्या वर नको, पोट तेवढंच असतं. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दूध ३८ अंशांच्या आसपास, मनगटावर थेंब टाकला तर ना गार ना गरम लागेल असं. पिल्लाला बाळासारखं उताणं धरायचं नाही. पोटावर, आईजवळ पितं तसं, डोकं किंचित वर. सुईशिवायची सिरिंज चालते, पण दट्ट्या अगदी हळू दाबा. दूध नाकातून आलं तर लगेच थांबा, तोंड खाली करून पुसा. त्यानंतर श्वास घरघरू लागला किंवा पिल्लू मलूल झालं तर ताबडतोब डॉक्टर. प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकं घासा. आई चाटत नसेल तर याशिवाय त्यांना शू होत नाही. साधारण तीन आठवड्यांनंतर ते त्यांचं त्यांना जमतं.

आईच्या ताटाकडे कंजूषपणा नको. पिल्लं तीन-चार आठवड्यांची असताना तिला नेहमीच्या दोन ते तीन पट ऊर्जा लागते. पिल्लांसाठी बनवलेलं खाद्य तिला द्या, ते जास्त कसदार असतं. कोरडं खाद्य दिवसभर समोर, ओलं तीन-चार वेळा, पाणी भरपूर. भांडी खोक्याजवळ आणि शौचाचा ट्रे त्यापासून थोडा दूर. सुरुवातीचे दोन दिवस ती पिल्लांना सोडून लांब जात नाही, मग उपाशी राहते. स्वतःच्या मनाने कॅल्शियमची पावडर घालू नका. गाभणपणात जादा कॅल्शियम दिलं तर हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची सवय मंदावते आणि पिल्लांना पाजू लागल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरायचा धोका वाढतो.

तो धोका खरा आहे. मांजर अस्वस्थ होते, धापा टाकते, पाय ताठरतात, अंगाला कंप येतो, मग झटके. हे दिसलं तर पिल्लं बाजूला करा आणि त्याच क्षणी निघा, सकाळची वाट पाहू नका. शिरेतून कॅल्शियम दिलं की बहुतेक मांजरी लवकर सावरतात. रोज एकदा तिच्या सडांवरून हात फिरवा. एखादा भाग कडक, गरम, लाल-जांभळा लागला, ती पिल्लांना झटकत असेल, तर ती दाह झाल्याची खूण. लालसर-तपकिरी स्राव पहिले काही दिवस असतोच, पण घाण वास किंवा पू दिसला, ताप आला, तिने दिवसभर खाल्लं नाही, तर गर्भाशयात संसर्ग असू शकतो. माणसांची पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, मांजराचा त्याने जीव जातो.

डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. बोटांनी उघडायचे नाहीत. मिटलेल्या पापणीमागे फुगवटा किंवा पू दिसला मात्र डॉक्टरला दाखवा. पिसवांकडे दुर्लक्ष नको, त्या एवढं रक्त पितात की पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या पडतात. बारीक दातांच्या फणीने काढा. औषध डॉक्टरला विचारूनच, कारण कुत्र्यांसाठीच्या काही औषधांतलं परमेथ्रिन मांजरांना विष आहे. गोल जंत आईच्या दुधातूनच येतात, म्हणून दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात वजनानुसार जंतनाशक, आणि आईलाही. इथे वहीतलं वजन पुन्हा कामाला येतं.

चौथ्या आठवड्यात खाणं सुरू. ओल्या खाद्यात कोमट पाणी घालून पातळ करा आणि उथळ ताटलीत ठेवा. तोंड त्यात दाबू नका, नाकात जातं. पिल्लांच्या शौचाच्या ट्रेची कड बुटकी असू द्या आणि त्यात ओली झाली की गोळा होणारी माती वापरू नका, पिल्लं ती खातात. या वयात ४०० ते ४५० ग्रॅम, आठ आठवड्यांना ८०० ते ९०० हे ढोबळ माप. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात त्यांना रोज हातात घ्या, माणसांची भीती याच काळात जाते. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नका, बारा झाले तर आणखी उत्तम.

दूध पाजत असलेली मांजर माजावर येत नाही, हा गैरसमज आहे. पिल्लं चार-सहा आठवड्यांची असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि लागोपाठच्या विण्याने ती झिजते. तिला घरातच ठेवा. पिल्लांचं दूध तुटलं की तिचं खाणं हळूहळू नेहमीवर आणा आणि सडं सुकल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, नसबंदी करून घ्या. तोवर सडं तट्ट दिसली तरी पिळू नका, पिळलं की आणखी दूध उतरतं.